ओतशाळेतील दक्षता

शेतातील विहिरीवर पाणी उपसणारा पंप, शिंप्याच्या दुकानातील शिवणयंत्र, स्वयंपाकघरातील बिडाचा तवा, रस्त्यातील गटारावरचे जड झाकण आणि मोटारीच्या इंजिनाचा ठोकळा या वस्तू परस्परांपासून कितीही भिन्न दिसल्या, तरी त्यांच्या जन्माची रीत एकच असते. लोहार लाल तापलेले लोखंड ऐरणीवर ठेवतो, त्यावर घणाचे घाव घालतो आणि हळूहळू त्यास हवा तो आकार आणतो. ओतारी मात्र धातूचा पाण्यासारखा पातळ रस करतो, तो साच्यात ओततो आणि रस निवून घट्ट झाला म्हणजे साच्याचा आकार घेतलेली वस्तू बाहेर काढतो. या कामास ओतकाम असे म्हणतात, अशा रीतीने तयार झालेल्या वस्तूस ओतीव म्हणतात, आणि जेथे हे काम चालते ती ओतशाळा किंवा फाउंड्री होय.

ही विद्या फार प्राचीन आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचे स्थळ आहे. तेथे १९७४ साली हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जोडलेला रथ अशी धातूची चार भरीव शिल्पे सापडली. ती हजारो वर्षांपूर्वी कोणा अज्ञात ओताऱ्यांनी ओतलेली आहेत. विजापूरच्या तटावरील सुप्रसिद्ध ‘मुलूख मैदान’ तोफ १५४९ साली अहमदनगर येथेच ओतली गेली. तिचे वजन सुमारे ५५ टन आहे! आधुनिक काळात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडीची उभारणी केली आणि तेथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. पुढे कोल्हापूर शहरात व त्याच्या आसपास शेतीसाठी लागणाऱ्या तेलाच्या इंजिनांचे भाग ओतले जाऊ लागले. आज शिरोली व गोकुळ शिरगाव येथील ओतशाळांतून मोटारी, ट्रॅक्टर, पंप इत्यादींसाठी लागणारे नाना प्रकारचे भाग बाहेर पडतात.

ओतलेली वस्तू हाती घेतली असता ती भरीव, कठीण आणि निर्दोष भासते. परंतु सोन्याचा कस लावून पाहता येतो, तसा बिडाचा कस वरवर पाहून कळत नाही. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या पंपाच्या कवचात बुडबुड्याएवढी पोकळी दडून राहिली असेल, तर पाण्याचा दाब येताच तेथून ते पाझरू लागेल किंवा तडकेल. ऐन उन्हाळ्यात ऊस पाण्यावाचून वाळत असता पंप तडकला, तर शेतकऱ्याच्या वर्षाच्या श्रमांवर पाणी पडावयास वेळ लागत नाही. मग अशी पोकळी राहते कशी, आणि ती राहू नये म्हणून ओतशाळेत कोणती दक्षता घेतात? हे समजण्यासाठी प्रथम ओतीव कसे जन्मास येते ते क्रमाने पाहिले पाहिजे.

प्रथम सुतार लाकडाचा फर्मा तयार करतो. फर्मा म्हणजे जी वस्तू ओतावयाची तिची प्रतिकृती. परंतु ही प्रतिकृती मूळ वस्तूच्या अगदी बरोबरीची करून चालत नाही. धातूचा रस निवताना आकसतो. साधे बीड लांबीमध्ये शंभरात सुमारे एक भाग आकसते. म्हणून एक मीटर लांबीची वस्तू हवी असल्यास फर्मा सुमारे दहा मिलिमीटर अधिक लांब करावा लागतो. याकरिता फर्मेकाराजवळ एक खास पट्टी असते. तिच्यावरील प्रत्येक माप नेहमीच्या पट्टीपेक्षा किंचित मोठे आखलेले असते, त्यामुळे दर वेळी हिशेब करीत बसण्याचे कारण पडत नाही.

नंतर लोखंडी पेटीत फर्मा ठेवून त्याच्याभोवती वाळू चोपून भरतात. ही नदीकाठची साधी वाळू नव्हे. बारीक, स्वच्छ वाळूत बेंटोनाइट नावाची चिकणमाती, थोडी कोळशाची पूड आणि अगदी मोजके पाणी मिसळलेले असते. वाळू चोपून झाली की फर्मा अलगद काढून घेतात आणि त्याच्या जागी त्याच आकाराची पोकळी राहते. हाच साचा. वस्तू आतून पोकळ हवी असेल, तर त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा एक वेगळा तुकडा घट्ट करून साच्यात बसवितात. त्याला गाभा म्हणतात. रस गाभ्याच्या भोवती पसरतो, गाभ्याची जागा तेवढी रिकामी राहते, आणि शेवटी गाभा फोडून काढून टाकला की वस्तू आतून पोकळ होते.

इकडे भट्टीत बीड वितळत असते. जुन्या पद्धतीच्या उभ्या भट्टीला क्युपोला म्हणतात. तिच्यात कोक, लोखंड व चुनखडी यांचे थर एकावर एक रचून खालून पंख्याने हवा फुंकतात. कोक पेटतो, लोखंडाचा रस होऊन तळाशी साचतो, आणि चुनखडी राखेशी व इतर घाणीशी एकजीव होऊन तिची मळी रसावर तरंगते. आता पुष्कळ ठिकाणी विजेवर चालणाऱ्या भट्ट्या आल्या आहेत. बीड सुमारे ११५० ते १२०० अंश सेल्सिअस तापमानास वितळते. परंतु साच्याचा कोपरान् कोपरा भरावा म्हणून ओतण्यापूर्वी रस याहूनही बराच अधिक तापवावा लागतो. असा तेजस्वी, नारिंगी रस मोठ्या पात्रात घेऊन साच्याच्या तोंडात संथपणे ओतला जातो. तो निवला, की वाळू झाडून, कडा छिलून आणि पृष्ठभाग घासून ओतीव साफ करतात.

वाचावयास हे काम सोपे वाटते. परंतु यातील प्रत्येक पायरीवर दोष टपून बसलेला असतो.

वाळूचेच उदाहरण पाहू. वाळूत पाणी कमी पडले, तर साच्याच्या कडा ढासळतात आणि वाळूचे कण रसात मिसळतात. उलट, पाणी अधिक झाले तर त्याहून मोठा अनर्थ ओढवतो. पाण्याची वाफ झाली म्हणजे ती मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा व्यापते. तप्त रसाचा स्पर्श होताच वाळूतील पाण्याची क्षणार्धात वाफ होते. वाळूच्या कणांमधील बारीक वाटांनी ती बाहेर गेली तर ठीकच. पण वाफ फार झाली, अथवा वाळू अतिशय घट्ट चोपल्याने त्या वाटा बंद झाल्या, तर ती रसातच शिरते. रस वरून थिजतो आणि वाफेचा बुडबुडा आत कोंडला जातो. पंपाच्या कवचातील छिद्राचा जन्म बहुधा असा होतो. म्हणूनच साचेकार वाळूवर सळईने बारीक छिद्रे पाडून वाफेला वाट करून देतात.

दुसरा दोष रसाच्या तापमानाचा. रस थंड झाला असेल, तर तो पातळ कोपऱ्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच थिजतो. कधी दोन बाजूंनी आलेले त्याचे प्रवाह समोरासमोर येतात, परंतु एकजीव होत नाहीत. तेथे केसासारखी रेघ राहते आणि पुढे ओझे पडताच वस्तू नेमकी त्याच रेघेवर मोडते. रस प्रमाणाबाहेर तापला, तर तो अधिक आकसतो, शिवाय वाळू वितळून ओतिवाला चिकटते. तिसरा दोष मळीचा. ओतणाऱ्याचा हात मध्येच थांबला किंवा ओतण्याचे तोंड रसाने भरलेले राहिले नाही, तर वर तरंगणारी मळी रसाबरोबर साच्यात शिरते.

चौथा दोष आकसण्यातून उद्भवतो. ओतिवाचे पातळ भाग आधी थिजतात, जाड भाग मागाहून. शेवटी थिजणारा भाग आकसू लागतो तेव्हा त्याला आणखी रस हवा असतो. परंतु भोवतालचे सारे रस्ते तोपर्यंत बंद झालेले असतात. परिणामी त्या जाड भागाच्या पोटात खडबडीत पोकळी पडते. हे टाळण्यासाठी जाड भागाला लागून रसाचा एक जादा कोठा ठेवतात. कामगार त्याला रायझर म्हणतात. तो सर्वांच्या शेवटी थिजतो आणि तोपर्यंत ओतिवाला रस पुरवीत राहतो. पोकळी पडावयाची ती कोठ्यात पडते, आणि नंतर कोठा तोडून पुन्हा भट्टीत टाकला जातो.

पाचवा दोष बिडाच्या घटकांत असतो. बिडात लोखंडाखेरीज कार्बन व सिलिकॉन ही दोन मूलद्रव्ये मुख्यत्वेकरून असतात. सिलिकॉन पुरेसे असले आणि बीड सावकाश निवले, तर कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो. असे बीड मोडून पाहिल्यास करडे दिसते आणि त्यावर यंत्राने कातकाम सहज करता येते. सिलिकॉन कमी पडले किंवा बीड झटपट निवले, तर ते पांढरे व काचेसारखे कठीण होते. त्यावर कातयंत्राची धार टिकत नाही आणि आघात होताच ते फुटते.

इतके दोष असता ते ओळखावयाचे कसे? सर्वांत आधी सुचणारा मार्ग असा, की माल तयार झाल्यावर कसून तपासणी करावी, चांगला तेवढा ठेवावा आणि वाईट फेकून द्यावा. तपासणी आवश्यक आहेच. ओतिवावर हातोडीने हलकेच ठोकून नाद ऐकतात. तडा गेलेले ओतीव बद्द वाजते. पंपाच्या कवचात दाबाने पाणी भरून ते पाझरते की काय हे पाहतात. क्ष-किरणांनी पोटातील पोकळीही दिसू शकते. परंतु ओतिवाचे खरे बळ किती, हे पाहावयाचे तर ते मोडूनच पाहावे लागते, आणि मोडलेले ओतीव गिऱ्हाइकाला देता येत नाही. शिवाय तपासणीने दोष सापडतो. घडून गेलेला दोष नाहीसा होत नाही. टाकाऊ ओतीव पुन्हा वितळविता येते खरे. परंतु त्यासाठी जळालेला कोक अथवा वीज, साचा करण्यात खर्ची पडलेले श्रम आणि गेलेला दिवस परत मिळत नाही.

आणि तयार मालातील दोष लपविण्याचा मोह झाला, तर त्याचे फळ काय मिळते, याची एक शोकजनक कथा इतिहासात नोंदलेली आहे.

स्कॉटलंडमध्ये डंडी शहराजवळ टे नदीच्या विशाल मुखावर सुमारे दोन मैल लांबीचा रेल्वेचा पूल बांधण्यात आला. १८७८ साली तो वाहतुकीस खुला झाला तेव्हा त्याची सर्वत्र वाखाणणी झाली. त्याचा शिल्पकार टॉमस बाऊच याला व्हिक्टोरिया राणीने ‘सर’ ही पदवी दिली. पुलाच्या मधल्या उंच भागाचे खांब बिडाचे होते आणि ते नदीकाठीच वर्मिट येथे उभारलेल्या ओतशाळेत ओतले होते. २८ डिसेंबर १८७९ रोजी, रविवारी, रात्री भयंकर वादळ सुटले. त्या वादळात एक आगगाडी पुलावर आली. ती पुलाच्या मध्यावर असताना तो सारा उंच भाग गाडीसह खालच्या काळ्या पाण्यात कोसळला. गाडीतील सुमारे ७५ माणसांपैकी एकही जिवंत राहिला नाही.

पुढे चौकशी झाली. ओतशाळेतील कामगारांच्या साक्षी घेण्यात आल्या. तेव्हा असे उघडकीस आले, की काही खांबांची जाडी सर्व बाजूंनी सारखी नव्हती; ओतताना आतील गाभा सरकल्याने एक बाजू जाड व दुसरी पातळ झाली होती. खांबांना तिरपे लोखंडी ताण जोडण्यासाठी जे कान ठेवले होते, ते अपेक्षेपेक्षा फारच कमी ओढीने तुटत होते. सर्वांत धक्कादायक गोष्ट अशी, की ओतिवांतील छिद्रे मेण, राळ, काजळी व लोखंडाचा कीस यांच्या लुकणाने बुजविलेली होती! हे लुकण वाळल्यावर घासले, की ते बिडासारखे दिसे आणि पाहणाऱ्याची फसगत होई. पूल पडण्यास हे एकच कारण झाले असे मात्र नाही. वाऱ्याच्या दाबाचा पुरेसा विचार आराखड्यात केलेला नव्हता आणि पुलाची देखभालही नीट झाली नव्हती. पुलाची आखणी, बांधणी व निगा या तिन्ही बाबतींत दोष होता, असा ठपका १८८० साली चौकशी मंडळाने ठेवला. परंतु ज्या खांबांनी वादळाशी झुंजावयाचे, त्यांच्या अंगी मेणाने झाकलेली भोके होती, ही गोष्ट जगभरच्या यंत्रशास्त्रज्ञांच्या मनावर कायमची कोरली गेली. त्याच नदीवर जुन्याच्या शेजारी बांधलेला नवा पूल १८८७ साली सुरू झाला आणि तो अद्यापि वापरात आहे.

या घटनेपासून घ्यावयाचा बोध उघड आहे. ओतीव चांगले व्हावे असे वाटत असेल, तर ते ज्या क्रियेतून जन्मास येते ती क्रियाच आपल्या ताब्यात ठेवली पाहिजे. झाडाला कडू फळे आली म्हणजे ती तोडून फेकण्यापेक्षा मुळाशी काय बिघडले ते पाहणे शहाणपणाचे असते. उत्तम ओतशाळेत नेमके हेच करतात.

अशा ओतशाळेत वाळू वापरण्यापूर्वी तपासली जाते. जुने अनुभवी कारागीर मूठभर वाळू घेऊन ती दाबतात. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उमटले आणि तो गोळा मोडला असता कडा न ढासळता दोन तुकडे झाले, तर वाळू योग्य समजतात. हा हात वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने तयार होतो. परंतु प्रत्येकाचा हात सारखा नसतो आणि दमलेल्या माणसाचा हात सकाळी एक सांगतो व संध्याकाळी दुसरेच. म्हणून आता वाळूची चाचणी यंत्राने करतात. वाळूतील ओलावा शेकडा किती, वाळूचा ठराविक आकाराचा गोल ठोकळा किती दाबाने मोडतो आणि त्यातून हवा किती सहज आरपार जाते, हे मोजून लिहून ठेवतात. पावसाळ्यात हवाच दमट असते. उघड्यावरची वाळू आणि कोक भिजतो, गाभे हवेतील ओल शोषून घेतात. अशा वेळी उन्हाळ्यातील प्रमाणावर विसंबून राहिल्यास छिद्रांचे पीक येते.

भट्टीत टाकावयाचे लोखंड, मोड आणि कोक अंदाजाने न टाकता वजन करून टाकतात. मोड म्हणजे जुने, मोडके लोखंड. त्यात काय काय मिसळलेले आहे हे पारखून घेतले नाही, तर सर्व रस बिघडतो. रस तयार झाला, की लगेच ओतावयास घेत नाहीत. प्रथम पाचरीच्या आकाराचा एक लहान तुकडा ओततात, तो निववितात आणि मोडून पाहतात. पाचरीची पातळ धार झटपट निवते, म्हणून तेथे बीड पांढरे होते. जाड बाजूकडे ते करडे असते. पांढरा भाग किती लांबवर आला आहे हे मोजले, की रसात सिलिकॉन पुरेसे आहे की नाही, हे काही मिनिटांतच ध्यानात येते. कमी असल्यास रस भट्टीत किंवा पात्रात असतानाच त्यात भर घालता येते. मोठ्या ओतशाळांत वर्णपटमापक नावाचे यंत्र असते. ते एका ठिणगीच्या प्रकाशावरून धातूतील सर्व घटकांचे प्रमाण सांगते. रसाचे तापमान मोजण्यासाठीही उपकरण असते. दोष साच्यात शिरण्यापूर्वीच त्याला दारात अडवावयाचे, हे या सर्व खटाटोपाचे मर्म होय.

येथे आणखी एक साधन फार मोलाचे ठरते, आणि त्याला काही खर्च पडत नाही. ते साधन म्हणजे नोंदवही. कोणता साचा कोणी व केव्हा केला, वाळूत ओलावा किती होता, रस कितव्या वेळी भट्टीतून काढला, तापमान किती होते, आणि अखेर ओतीव कसे निघाले, हे सर्व तीत रोजच्या रोज लिहिलेले असते.

समजा, एका ओतशाळेत पंपांची कवचे ओतली जात आहेत. एरवी शंभरात दोन-तीन सदोष निघत. पण काही दिवसांपासून शंभरात दहा-बारांना छिद्रे पडू लागली. व्यवस्थापकाला वाटते, साचेकार निष्काळजी झाले. साचेकार म्हणतात, भट्टीवाल्यांनी रस बिघडविला. भट्टीवाला कोकाला दोष देतो. असा वाद कितीही वेळ चालला, तरी एकही छिद्र बुजावयाचे नाही. मग कोणीतरी नोंदवही उघडतो. रस जसा होता तसाच आहे. पाचरीची चाचणी रोज ठीक आली आहे. वाळूचा ओलावाही बदललेला नाही. मात्र एक गोष्ट नजरेस येते. सदोष कवचांपैकी बहुतेक सर्व सकाळच्या पहिल्या पाळीत ओतलेली आहेत, आणि त्यांचे साचे आदल्या संध्याकाळी गाभे बसवून झाकून ठेवलेले होते. आता उलगडा होतो. रात्रभर ओल्या वाळूच्या साच्यात पडून राहिल्याने कोरड्या गाभ्यांनी ओल शोषली आणि सकाळी रस पडताच तिची वाफ झाली! उपायही साधा आहे. गाभे कोरड्या जागी ठेवावे आणि ओतण्याच्या थोडे आधी ते साच्यात बसवावे. कोणाला दंड करावा लागला नाही आणि कोणते महाग यंत्रही विकत आणावे लागले नाही.

अशा रीतीने आकड्यांच्या आधारे कारखान्याची नाडी पाहण्याचे एक शास्त्रच विसाव्या शतकात निर्माण झाले. अमेरिकेतील वॉल्टर शूहार्ट या शास्त्रज्ञाने १९२४ साली त्यासाठी एक विशेष प्रकारचा आलेख सुचविला. कोणतीही क्रिया कितीही दक्षतेने केली, तरी तिच्या फळात दर वेळी थोडाफार फरक पडतोच. एकाच हाताने थापलेल्या दोन भाकऱ्यांचे वजन तरी कोठे तंतोतंत सारखे असते? हा स्वाभाविक फरक ज्या मर्यादेत राहतो, त्या मर्यादेच्या दोन रेषा शूहार्टने आलेखावर आखल्या. रोजचे माप त्या रेषांच्या आत असेल, तर क्रियेला उगाच हात लावू नये. ते रेषेबाहेर गेले, तर काहीतरी विशेष कारण घडले आहे असे समजून ते तत्काळ शोधावे. जो प्रत्येक लहानसहान फरकाला घाबरून रोज वाळूचे प्रमाण बदलतो, तो काम सुधारण्याऐवजी अधिकच बिघडवितो. आणि जो धोक्याच्या खुणेकडे काणाडोळा करतो, त्याचे नुकसान तर ठरलेलेच. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले होते. नवस्वतंत्र देशाच्या कारखान्यांतून चांगला माल निघावा, या प्रयत्नांना त्यांच्या भेटीने चालना मिळाली.

यंत्रे आली, आलेख आले, तरी ओतशाळेतील माणसाचे महत्त्व कमी झालेले नाही. वाळू चोपणाऱ्याने एक कोपरा सैल ठेवला, गाभा बसविणाऱ्याने तो किंचित तिरपा बसविला, रस ओतणाऱ्याचा हात पळभर थांबला किंवा नोंद लिहिणाऱ्याने न मोजताच कालचा आकडा आज उतरविला, तर मागच्या-पुढच्या सर्वांचे कष्ट वाया जातात. म्हणून उत्तम ओतशाळेत प्रत्येक कामगाराला स्वतःच्या कामाचे कारण समजावून दिलेले असते. पाणी मोजून का घालावयाचे, हे ज्याला कळले, त्याच्यावर पहारा ठेवावा लागत नाही. आणि एखाद्याच्या हातून साचा बिघडलाच, तर ‘हा ओतू नका’ असे त्याने निर्भयपणे सांगावे, अशी तेथील रीत असते. साचा मोडण्याने थोडी वाळू व अर्ध्या तासाची मेहनत जाते. तोच दोष ओतिवात उतरला, तर धातू व इंधन जाते. कातकाम झाल्यावर तो सापडला, तर यंत्राचा वेळही जातो. आणि गिऱ्हाइकाच्या दारी तो प्रकट झाला, तर वर्षानुवर्षे मिळविलेला लौकिक जातो. कधीकधी माणसांचे प्राणही जातात.

ओतशाळेतून बाहेर पडलेले ओतीव कोठे जाईल, हे ते ओतणाऱ्या कामगाराला बहुधा ठाऊक नसते. ते दूरच्या एखाद्या खेड्यात विहिरीवर बसेल, घाटातून उतरणाऱ्या गाडीच्या ब्रेकमध्ये बसेल किंवा रुग्णालयातील वीजयंत्राचा भाग बनेल. त्यावर कामगाराचे नाव कोरलेले नसते. तेथे उभा असलेला शेतकरी, चालक किंवा रुग्ण त्याला कधी भेटणारही नाही. परंतु एक दिवस कोणा अनोळखी माणसाने वाळू नीट चाळली होती, पाणी मोजून घातले होते आणि रस तपासल्यावाचून ओतला नव्हता, या एका भरवशावर ते सर्व आपापले काम निश्चिंतपणे करीत असतात.